वडपे ते जालना: मोसंबीच्या मुळांपाशी आठ दिवस

माणसं महाबळेश्वरला जातात, गोव्याला जातात, ऐपत असेल तर दुबईला जातात. आम्ही नवरा-बायको या जानेवारीत जालन्याला गेलो, ते जंतू आणायला. हे मी शेजाऱ्यांना असंच सरळ सांगितलं, तर त्यांनी दोन दिवस आमच्या घरचा चहा घेतला नाही. तेव्हा वाचकहो, तुम्ही जाणार असाल तर ‘नातेवाइकांकडे चाललोय’ एवढंच सांगा.

आधी थोडं आमच्याबद्दल. वडपे हे भिवंडीजवळचं हायवेवरचं गाव. माझ्या लहानपणी इथे भात पिकायचा, आता गोदामं पिकतात, आणि हे पीक बारमाही आहे. मी चौतीस वर्षं भिवंडीत साईझिंगमध्ये काढली. सूत लूमवर चढवण्याआधी त्याला खळ लावतात, म्हणजे धागा तुटत नाही. ती खळ शिजवणारा आणि सांभाळणारा तो मास्तर. म्हणून मला सगळे मास्तर म्हणतात, आणि अनोळखी माणूस मोठ्या आदरानं विचारतो, की कुठल्या शाळेत होतात. मी सातवी. शाळेचा विषय निघाला की मी हवामानावर बोलतो.

आमच्या भातखाचरावर गोदाम उभं राहिलं तेव्हा मागच्या भिंतीला लागून एक पट्टी उरली. तिथे माझ्या बायकोनं, हिरानं, कागदी लिंबाची चौदा झाडं लावली. गोदाम मुलांच्या नावावर, लिंबं तिच्या नावावर, आणि मी रेशनकार्डावर, अशी आमची वाटणी आहे. गेली दोन वर्षं मात्र झाडं रुसली होती. पानं पिवळी, शेंडे वाळलेले, लिंबं गोट्यांएवढी. त्यात गोदामाच्या भाडेकरूला ती पट्टी कंटेनर वळवायला हवी होती. दोन्ही मुलं एका रविवारी आली आणि थोरला म्हणाला, होळीपर्यंत झाडं सुधारली तर ठेवू, नाहीतर काँक्रीट. हिरा सुकट निवडत होती. मान वर न करता ‘बरां’ म्हणाली. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलोय की ती भांडली तर काळजी नसते, ‘बरां’ म्हणाली की बॅग भरायची.

खतवाल्यानं सांगितलं ते सगळं घालून झालं होतं. पांढरं, निळं, पुडीतलं, बाटलीतलं. मग मी भानुदासला फोन लावला. भानुदास माझ्याबरोबर साईझिंगला होता, गेली बारा वर्षं जालन्याकडे घरची मोसंबी बघतो. त्यानं ऐकून घेतलं आणि फोन बायकोला दिला. सुमनवहिनी म्हणाल्या, झाडाला खायला घालताय ते ठीक, पण त्याच्या मुळांपाशी कोण राहतं ते बघितलंय का?

मला वाटलं उंदीर. तर तसं नव्हतं. मुळांच्या अवतीभोवती डोळ्यांना न दिसणारे जिवाणू राहतात. काही मातीत अडकलेलं स्फुरद सोडवून मुळाला देतात, काही हवेतलं नत्र धरून आणतात, काही वाईट बुरशीला जवळ फिरकू देत नाहीत. बदल्यात मूळ त्यांच्यासाठी गोड रस पाझरतं. थोडक्यात खानावळ आहे, आणि गिऱ्हाईकच भाजी आणून देतं. खानावळ ओस पडली की झाडाला वरून कितीही खाऊ घाला, अंगी लागत नाही. वहिनी हे जिवाणू पिंपात वाढवतात आणि झाडांना देतात. एक पिंप तयार होतंय, त्यातले दोन कॅन तुमच्या हिराबाईंना, असं त्या म्हणाल्या. हिरानं त्याच संध्याकाळी दोन कॅन घासून उन्हात ठेवले.

दिवस पहिला

समृद्धी महामार्ग आमच्या भिवंडी तालुक्यात आमण्याला सुरू होतो, म्हणजे घरापासून हाकेच्या अंतरावर. गाडी इरफानभाईंची. इरफानभाई निजामपुऱ्यातले, स्वतःचे चार लूम होते ते विकून आता भाड्यानं गाडी चालवतात. माझ्या खळीतलं सूत त्यांनी वीस वर्षं विणलंय, त्यामुळे दर टोलनाक्यावर ते मला जुन्या तक्रारी ऐकवतात.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. टायर आधी तपासून घ्या, काँक्रीटचा रस्ता आहे, तापतो. टाकी घरूनच भरा. टोल उतरताना अंतरानुसार कापला जातो, आम्हाला जालन्यापर्यंत सातशेच्या आत-बाहेर पडला. इगतपुरीचा बोगदा इतका लांब आहे की आत शिरताना इरफानभाईंनी सुरू केलेली तक्रार बाहेर पडताना संपली. खायची सोय वाटेत विरळ आहे, शिदोरी घ्या. हिरानं तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी घेतली होती. डबा उघडला तेव्हा इरफानभाईंनी काचा खाली केल्या आणि म्हणाले, “भाभी, बास से तो पुलिसवाले रोकेंगे.” मग चार भाकऱ्या त्यांनीच संपवल्या.

निघाल्यापासून साडेचार तासांत जालना. तिथून भानुदासचं गाव पंचवीसेक किलोमीटर, आणि त्या पंचवीस किलोमीटरला जो वेळ लागला त्यात समृद्धीवर मिळवलेली सगळी समृद्धी गेली. जेवायला बाजरीची भाकरी, भरीत, आणि असा ठेचा की इरफानभाई पाच मिनिटं कुठल्याच भाषेत बोलले नाहीत.

आता बागेबद्दल. मला वाटलं होतं बाग एक असेल. बागा दोन होत्या, मध्ये एक बांध. बांधाच्या डाव्या अंगाला वहिनींची सेंद्रिय मोसंबी, उजव्या अंगाला भानुदासची खताऔषधांची. दोघांची जेवणाची ताटं एक, पण झाडांची वेगळी. वहिनींच्या झाडांखाली पालापाचोळा, गवत, कोंबड्या, सगळा संसार. भानुदासकडे झाडाखालची जमीन नुकतंच सारवल्यासारखी चकचकीत, आणि ड्रिपच्या नळ्यांतून मोजून मापून खत. त्याची फळं अंगानं मोठी आणि देखणी. वहिनींची जरा डागाळलेली, पण हातात जड. चव ओळखा म्हणून भानुदासनं माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधून दोन फोडी चारल्या. मी दोन्ही वेळा चुकीचं नाव घेतलं. त्यानंतर माझं मत कोणी विचारलं नाही आणि मला बरंच वाटलं.

घरात कॅलेंडरशेजारी एक कागद टांगला आहे. कृषी महाविद्यालयातली एक ताई दोन्हीकडच्या मुळांजवळची माती घेऊन गेली होती, तिनं पाठवलेला तो अहवाल. वहिनींनी लाल पेनानं एक ओळ अधोरेखित केली आहे: सेंद्रिय भागात उपयुक्त जिवाणूंचे प्रकार अधिक. भानुदासनं निळ्या पेनानं दुसरी: रासायनिक भागातही उपयुक्त जिवाणू आढळले. दोघंही जिंकले आहेत आणि दोघांनाही समोरचा हरला हे मान्य करायला लावायचं आहे. पाहुणा आला की आधी कागदासमोर उभा करतात, मग पाणी देतात.

पिंप वहिनींच्या बाजूला, लिंबाच्या सावलीत, म्हणजे कडुलिंबाच्या. दोनशे लिटरचं निळं पिंप. मोसंबीला ताण दिलेला होता, म्हणजे बहार धरण्यासाठी पाणी तोडलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पाण्याबरोबर हे जिवाणू सोडायचे होते. वहिनींनी झाकणाला कान लावला आणि हिराला बोलावलं. हिरानंही लावला. भात उकळायच्या आधी बारीक चुरचुरतो तसा आवाज, असं तिनं मला नंतर सांगितलं. तेव्हा मात्र ती पिंपाला धरून नुसती उभी राहिली.

दुपारी सगळे आडवे झाले. मला दुपारी झोप येत नाही, ड्युटीची सवय. मी फिरत फिरत पिंपाशी गेलो आणि झाकण उचललं.

आता हे नीट समजून घ्या. आत गूळ-बेसनाचं पाणी होतं, त्यावर फेस, आणि आंबूस वास. चौतीस वर्षं ज्या वासानं माझी झोप उडवली तो हा वास. खळ आंबली की सूत कुजतं, डाग पडतात, ताणे फुकट जातात, शेठ आई-बाप काढतो. त्यावर आमच्या धंद्यात एकच इलाज, चिमूटभर मोरचूद. निळे खडे, पाण्यात विरघळवायचे, खळीत टाकायचे, कुजणं बंद. भानुदासच्या शेडमध्ये मोरचुदाची पिशवी होतीच. मोसंबीच्या खोडातून डिंक गळायला लागला की चुन्यात मोरचूद मिसळून त्याचा लेप देतात, त्यासाठी. माझ्या डोक्यानं विचार केला असं मी म्हणणार नाही. हातांनी केला. पिंप मोठं होतं म्हणून चिमटीऐवजी मूठ घेतली. काठीनं छान ढवळलं, झाकण लावलं, आणि वहिनींवर आपण उपकार केले या समाधानात मला चक्क झोप लागली.

संध्याकाळी शेजारच्या रानात हुरडा होता. कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. जानेवारीत त्या बाजूला गेलात तर हे चुकवू नका. मी तर दोन माणसांचा खाल्ला, माझा जीव हलका होता.

दिवस दुसरा

सकाळी अंगणात चहा आणि शिळी भाकरी चालू होती. वहिनी पिंपाशी वाकल्या, सरळ झाल्या, पुन्हा वाकल्या. झाकण काढलं. फेस बसला होता. त्यांनी काठी फिरवली, बोटानं थेंब घेऊन हुंगला.

“मेलं,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी शेडकडे पाहिलं. मोरचुदाची पिशवी मी नीट बांधायची विसरलो होतो. भानुदास दात घासत उभा होता. त्याच्यावर जे कोसळलं ते सगळं मी इथे लिहीत नाही, घरात लहान मुलं हा ब्लॉग वाचत असतील. सारांश असा, की चार वर्षं माझ्या पिंपाला हसलात ते मी गिळलं, पण पाहुणी साडेतीनशे किलोमीटरवरून झाडं वाचवायला आली, तिच्यावर कामून डाव काढला? भानुदास तोंडातल्या फेसासकट शपथा घेत होता. वहिनींनी पदर खोचला आणि शांतपणे म्हणाल्या, “आजच तलाठ्याकडं जाते. सातबारा वेगळा करून द्या. आता नुसत्या बांधानं भागत नाही.”

तोपर्यंत मला सगळं कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर मी गप्प बसून बघू का असा विचारही मनात येऊन गेला. भानुदासवर नाहीतरी दर आठवड्याला काही ना काही कोसळतंच. पण पायरीवर हिरा बसली होती. दोन्ही कॅन तिनं पहाटे उठून पुन्हा धुतले होते, आणि ते मांडीवर धरून ती त्या दोघांकडे बघत होती.

“वहिनी, मी टाकलं,” मी म्हणालो. “खळ आंबली असं वाटलं मला. मी सांभाळली.”

मग गाडी पुसत असलेले इरफानभाई अगदी हळू आवाजात म्हणाले, “मास्टर, दही जम रहा था. आपने फिनाइल डाल दिया.”

भानुदासला हसू आलं, ते त्यानं चूळ भरण्यात लपवलं. चूळ भरून झाल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, गड्या, पहिलं पिंप हिनं भरलं होतं तेव्हा माझा पण हात शिवशिवला होता. ही काठी घेऊन सहा दिवस राखण बसली म्हणून ते वाचलं. साईझिंगच्या माणसाला फेस दिसला की संपलं. हे तो वहिनींना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला. त्यानंतर तलाठ्याचं नाव पुन्हा निघालं नाही. त्या पिंपातलं पाणी मुळांना आता चालणार नव्हतं. मोरचुदात तांबं असतं, आणि तांबं जिवाणूंचा वैरी. ते आम्ही लांब नेऊन रस्त्याकडेच्या गाजरगवतावर ओतलं, आणि ते ओतताना हिरा माझ्याशी बोलली.

“मास्तर,” ती म्हणाली. ती मला कधीच मास्तर म्हणत नाही. “नवां पिंप तुमीच ढवलायचा. सकाल-संध्याकाल. तवर आपन जायाचा न्हाय.”

इरफानभाईंना दुसरं भाडं होतं, ते दुपारी परत गेले. जाताना म्हणाले की दोन दिवसांची सहल आठ दिवसांची करायची असेल तर मोरचुदापेक्षा स्वस्त उपाय आहेत.

दिवस तिसरा ते सातवा

नवं पिंप असं भरलं. बोअरचं पाणी, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, कृषी केंद्रातली जिवाणूंची बाटली, आणि वहिनींच्या सगळ्यात तगड्या झाडाच्या मुळाजवळची मूठभर माती. नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आधी एक दिवस उघडं ठेवायचं, म्हणजे त्यातलं ब्लीचिंग उडून जातं. भिवंडीकरांनी ही ओळ दोनदा वाचा. पिंप सावलीत, झाकण सैल. सकाळी शंभर फेरे, संध्याकाळी शंभर. माझ्या खांद्याला तिसऱ्या दिवशी कळलं की चौतीस वर्षं ढवळायचं काम मशीन करत होतं.

दिवसभर मी दोन्ही पक्षांत राबलो. सकाळी भानुदासबरोबर खोडांना लेप द्यायला. हा लेप वहिनीसुद्धा आपल्या झाडांना देतात, डिंक गळतो तेव्हा त्यांचं सेंद्रिय मन मोठं होतं. फक्त त्यांचा नियम असा, की मोरचूद खोडाला, मुळाला नाही. लेपाचं काम झालं की पिंपाला हात लावण्याआधी मला वहिनींपुढे उभं राहावं लागे. “दाखवा हात,” त्या म्हणत. पुढे, मागे, नखं. सातवीनंतर शाळेत गेलो नाही त्याचं सगळं त्या आठवड्यात वसूल झालं.

भांडणंही रोज ऐकली. भानुदास म्हणे, तुझी झाडं उपाशी आहेत. वहिनी म्हणत, तुमची सलाईनवर आहेत. मला आपलं वाटलं की दोघांचंही थोडं खरं आहे. वहिनींच्या कडेची काही झाडं खरंच अशक्त होती. आणि भानुदासनं ज्या चार ओळींत तणनाशक मारणं बंद केलं होतं, तिथली माती हातात घेतली तर भुसभुशीत होती, गांडूळही निघालं. ‘त्या चार ओळी मी गुपचूप सोडल्यात, हिला बोलू नको’ असं तो मला म्हणाला. वहिनींना ते दोन वर्षांपासून माहीत होतं.

हिरा या सगळ्यात फार बोलत नव्हती. ती त्या भिंतीवरच्या कागदापुढे दोनदा जाऊन उभी राहिली. पाचव्या दिवशी मला म्हणाली, जिला रेघ मारलेली न्हाय ती वल वाचा. मी चष्मा लावून ती ओळ वाचली. दोन्ही भागांत, जिथे जमीन दाबली गेली आहे किंवा पाणी साचतं, तिथे उपयुक्त जिवाणू अत्यल्प.

“म्हंजी काय?” तिनं विचारलं.

वहिनी भाकरी थापता थापता म्हणाल्या, जिवाणूंना पण श्वास लागतो बाई. जमीन रस्त्यासारखी झाली तर तुम्ही अमृत ओता, वरूनच वाहून जाईल.

“आमचे झाडांवर कंटेनर चडतो,” हिरा म्हणाली. “मागं घेतांना. रोज.”

वहिनींचा हात थांबला. त्या म्हणाल्या, मग पिंप नंतर. आधी गाडी थांबवा.

दिवस आठवा

सातव्या दिवशी पिंप बोलायला लागलं होतं. आठव्या सकाळी वहिनींनी आधी आमचे दोन्ही कॅन भरले, मग आपल्या बागेचं पाणी सोडलं.

परत एसटीनं आलो, कल्याणपर्यंत. बाईमाणसाला अर्धं तिकीट, पासष्टच्या वर अर्धं, म्हणजे आम्ही दोघं मिळून एक माणूस. कॅनचं झाकण घट्ट लावायचं नसतं, आत वायू धरतो, म्हणून सैल झाकणावर फडकं बांधून हिरा दोन्ही पायांत कॅन धरून बसली. सिन्नरच्या पुढे वास पसरला. कंडक्टर मागून पुढे येत प्रत्येक पिशवी हुंगत आमच्यापाशी थांबला आणि विचारलं, आजी, काय आहे यात?

“जितां हाय,” हिरा म्हणाली.

कंडक्टरनं आमच्याकडे आणि कॅनकडे बघितलं, आणि कल्याणपर्यंत पुन्हा तिकडे आला नाही. घाटात बस फार हेलकावली तेव्हा ती दर थोड्या वेळानं वाकून कान लावत होती. मी झोपेचं सोंग घेतलं. आपण मारलेलं पिंप आठवत असताना बायकोच्या नजरेला नजर देणं अवघड असतं.

वडप्याला परत

दुसऱ्या दिवशी तिनं पट्टीत पहार मारली, तर ती ठण्ण करून परत आली. गोदामाच्या रस्त्याचं काँक्रीट आणि आमच्या लिंबाखालची माती यांत रंगाशिवाय फरक नव्हता. मी निजामपुऱ्यात जाऊन इरफानभाईंना गाठलं. त्यांनी भंगारात निघालेले लूमचे दोन लोखंडी बीम, म्हणजे सूत गुंडाळायचे जाड रूळ, मिळवून दिले आणि ते आणून पट्टीच्या तोंडाशी आडवे टाकायला मदत केली. दुपारी कंटेनर मागे येता येता थांबला. ड्रायव्हरनं भाडेकरूला फोन केला, भाडेकरूनं थोरल्याला, थोरल्यानं आईला. गाडी वळत नाही म्हणाला.

“मग नको वलवू,” हिरा म्हणाली. “सरल जाऊंदे.”

पुढचे आठ-दहा दिवस आम्ही कुदळीनं वरची चार बोटं माती सैल केली. जास्त खोल नाही, लिंबाची बारीक मुळं वरच असतात. मग पाला पसरला, पाणी दिलं, आणि संध्याकाळच्या उन्हात कॅनमधलं पाणी मगानं चौदा झाडांना वाटून घातलं. कॅनच्या तळातलं नव्या पिंपात विरजणासारखं घातलं आणि दर पंधरवड्याला देत राहिलो. ढवळणारा तोच.

होळीच्या आदल्या दिवशी दोन्ही मुलं आली, बरोबर काँक्रीटचा ठेकेदार. नऊ झाडांना तांबूस कोवळी पालवी फुटली होती. पाच झाडं तशीच होती, काटे आणि काड्या. थोरल्यानं दोनदा मोजलं. मग म्हणाला, बरं, नऊ राहू दे, पाचांची जागा आम्हाला.

हिरा त्या पाचांपाशी गेली. एकेकाची फांदी मोडून बघितली, आत हिरवं आहे का. नव्हतं. तिनं फक्त एवढं सांगितलं, की जेसीबी लावायचा नाही, शेजारच्याची मुळं ओढली जातील, कुऱ्हाडीनं कापा. आणि घरात जाऊन फक्कीचं घमेलं घेऊन आली. काँक्रीट कुठपर्यंत ते आखायला ठेकेदार पुढे झाला, तर त्याच्या हातात न देता स्वतःच वाकली. झाडाच्या बुंध्यापासून नव्हे, सगळ्यात बाहेरच्या पानाच्या सरळ खाली, तिथून आणखी हातभर सोडून तिनं पांढरी रेघ ओढली, एका झाडाकडून दुसऱ्याकडे, नागमोडी. रेघ संपली तेव्हा मुलांच्या वाट्याला पाचांतल्या जेमतेम तिघांची जागा उरली होती.

ठेकेदार म्हणाला, “आजी, झाडं नऊ आणि जागा एवढी?”

“वरती दिसतंय त्याच्यावून खाली जास्ती हाय,” ती म्हणाली. “इचारा यांना. ते आठ दिस शिकून आलेत.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी सातवी शिकलेला माणूस, पण मोठ्या मुलासमोर आयुष्यात पहिल्यांदा मास्तरासारखा बोललो. मूळ काय खातं, त्याला कोण आणून देतं, जमीन दाबली की त्यांचं काय होतं. धाकटा मध्येच म्हणाला, बाबा, तुम्ही तर तिथे सगळं मारून आलात असं इरफानभाई सांगत होते. मी म्हणालो, म्हणूनच मला माहीत आहे. थोरल्यानं रेघेकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि ठेकेदाराला म्हणाला, रेघेवरून घ्या.

आता खर्च आणि हिशेब विचाराल, तर जालन्याचा प्रवास स्वस्त आहे, हुरडा आणि मोसंबी यांच्यासाठीसुद्धा जाण्यासारखा आहे. झाडं जिवाणूंमुळे सुधारली का, असं वहिनींना विचारलं तर हो म्हणतात. भानुदास म्हणतो माती सैल केली म्हणून. धाकट्याचं म्हणणं, कंटेनर थांबला तिथेच काम झालं. मला ठरवता येत नाही आणि माझ्या शब्दाला त्या टॉवेलानंतर वजनही नाही. हिरा ठरवत बसत नाही. उन्हाळ्यात तिनं पहिली टोपली भरली आणि त्यातली डझनभर लिंबं कुरिअरनं वहिनींना पाठवली.

पावसाआधी काँक्रीट पडलं, रेघेपर्यंत. कंटेनरला आता वळताना तीनदा मागे-पुढे करावं लागतं आणि प्रत्येक वेळी ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून शिव्या घालतो. त्या रोज दुपारी मीच ऐकतो. रेघेच्या आतल्या बाजूला, नवव्या झाडाखाली राखणीला माझी खुर्ची टाकलेली आहे, आणि तिथून उठायची मला परवानगी नाही.